डाव्या हाताचा कौल

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि आईला तर — आईला सांगणं म्हणजे तिच्या पायाखालची जमीन दुसऱ्यांदा काढून घेणं. पहिल्यांदा काढली तीही मीच. पण क्रमाने सांगतो. क्रमाने सांगितलं नाही तर मी नेहमीसारखा मधेच कुठेतरी निसटेन.

मी मूळचा मुळशीतल्या नेऱ्याचा. आता राहतो शहाद्याजवळ, तापीच्या काठी. इथले लोक विचारतात, पुण्याकडचं सोडून एवढ्या लांब खानदेशात कसे आलात? मी तोंड उघडायच्या आत आई सांगते, "आमाला देवीनं धाडलंय हितं." ऐकणारे हात जोडतात. मी उठून गोठ्याकडे जातो.

देवीनं धाडलं नव्हतं.

नेऱ्यात आमच्या भातखाचरांना खेटून इमारती आल्या. ओढा बुजला. जेसीबीने एका दिवसात बांध उलटे केले, आंब्याचं झाड मुळासकट उपसून रस्त्यावर आडवं टाकलं. उरलेली जमीन विकायची आणि दुसऱ्या मुलखात शेती घ्यायची, इथवर घरात एकमत होतं. कुठे, यावर आम्ही एकमेकांच्या जिवावर उठलो. धाकटा विलास म्हणायचा, ताम्हिणी उतरून माणगावकडे जाऊ. तिकडे पाऊस आपल्यासारखा, भात आपल्यासारखं, आईला लोकांचं बोलणं कळेल. आईच्याही मनात तेच होतं. मला मात्र हा मुलूख हवा होता. एका ओळखीच्यासोबत येऊन मी इथली काळी, सपाट जमीन पाहून गेलो होतो. नांगर एका टोकाला लावला तर दुसऱ्या टोकापर्यंत दगड लागत नव्हता. आणि जमीनमालकाच्या ओट्यावर, त्याच्या भाऊबंदांसमोर, मी शब्द देऊन बसलो होतो. आमच्या घरात माझ्या शब्दापुढे कुणी जात नाही, असंही म्हणालो होतो. घरी यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

गावात मला तापट म्हणायचे. तो शब्द मला आवडायचा — खरं सांगतो, आवडायचा. तापट म्हटलं की मारणाऱ्याचंच थोडं कौतुक होतं, नाही का? एका सकाळी विलास म्हणाला, "दादा, तुला शेती न्हाई करायची, तुला तिकडं जाऊन पाटील व्हायचंय." मी हातातला पितळी तांब्या त्याच्या तोंडावर मारला. भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरलं तरी तो हसत होता. ते हसणं मला सहन झालं नाही. दाराआडचं रुमणं — जुन्या नांगराची मूठ — घेऊन मी त्याच्यावर धावलो. आई मधे आली आणि माझा पहिला घाव तिच्या खांद्यावर बसला.

ती रडली नाही. खांदा धरून खाली बसली आणि म्हणाली, "मुडदं पाडू नगा. देवीला इचारू. ती म्हनंल तिकडं जाऊ."

आमच्याकडे कौल लावतात. गावदेवीच्या शेंदूर फासलेल्या अंगावर गुरव दोन ओल्या कळ्या चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग पुन्हा तो विषय काढायचा नाही. प्रश्न ठरला: दत्ता म्हणतो त्या मुलखात जायचं का? डावी पडली असती तर माणगाव. मग माझ्या शब्दाचं काय? विलासच्या त्या हसण्याचं काय?

आदल्या दिवशी दुपारी मी देवळात गेलो. नामाकाका गुरव एकटाच पत्रावळी लावत बसला होता. याच माणसाने लहानपणी मला खोबऱ्याचा तुकडा दिल्याशिवाय कधी परत पाठवलं नाही. मी त्याला म्हणालो, उद्या उजवी पडली पाहिजे. डावी कळी ताज्या शेंदरात नीट दाब, उजवी नुसती टेकव.

तो आधी हसला. "दत्ता, डोकं फिरलं का रं? कळी देवी पाडती, मी न्हाई."

मी पुन्हा सांगितलं. त्याने हातातली पत्रावळ बाजूला ठेवली. "तुझ्या बापाची बी डावी पडली हुती एकदा. मुकाट्यानं घरी गेला बिचारा. तू बी जा."

इथे मी थांबू शकलो असतो. आजही तो क्षण मला स्वच्छ दिसतो. दाराबाहेर ऊन होतं, एक कुत्रं सावलीला पडलेलं होतं. मी काकाचं मनगट पकडलं, त्याला फरफटत उंबऱ्याशी आणलं आणि त्याचा उजवा पंजा दगडी उंबऱ्यावर दाबून धरला. नारळ फोडायचा दगड तिथेच होता. तो मी उचलला. आणि मारला. रागाच्या भरात मारला, असं लिहायचा मोह होतो आहे — पण तसं नव्हतं. दगड नीट धरता यावा म्हणून मी आधी हात बदलला होता.

शेंगा फुटाव्यात तसा आवाज आला. काका ओरडला नाही. त्याने उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला. का? गाव गोळा झालं असतं तर मला तिथेच ठेचलं असतं, हे त्याला ठाऊक होतं म्हणून? मी कधी विचारलं नाही. मी त्याचा दुसरा हात ओढून उंबऱ्यावर ठेवला तेव्हा मात्र त्याने तोंडातला बोळा काढला.

"त्यो नगं," तो म्हणाला. "त्यो लागंल उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जमलो. काकाचा उजवा हात फडक्यात गुंडाळलेला होता. पायरीवरून घसरलो म्हणाला. त्याने डाव्या हाताने कळ्या लावायला घेतल्या तशी आई दचकली.

"डाव्या हातानं कौल, भावजी?"

"देवीला दोनी हात सारखंच, वयनी," तो म्हणाला आणि माझ्याकडे न बघता डावी कळी अंगठ्याने दाबली.

उजवी पडली. आणि तुम्हाला खोटं वाटेल — ती पडताना माझ्या अंगावर काटा आला. मी हात जोडले. क्षणभर मला वाटलं, देवीनेच पाडली. विलास पुढे झाला. भुवईवर टाके घातलेला तो माझा भाऊ माझ्या पायांवर डोकं ठेवून म्हणाला, "दादा, चुकलो." मी त्याला उठवलं. मोठ्या मनाने उठवलं.

मग आईने मलाच सांगितलं, काकांना गाडीवरून पौडाच्या दवाखान्यात ने. मी नेलं. डाव्या हाताने तो माझा खांदा धरून बसला होता. वाटेत एवढंच बोलला, "हळू घे. खड्डं हायेत."

आम्ही इकडे आलो. जमीन खोटी नव्हती, केळी-पपई चांगली आली. पण उन्हाळ्यात इथे वारासुद्धा भाजतो. शेजारच्या बायका अहिराणी बोलतात, आई मावळातलं बोलते, आणि दोन्हीकडून नुसतं हसणं होतं. विहिरीच्या मोटरीजवळ, जिथे पाणी गळतं, तिथे ती दरवर्षी आंबेमोहोर भाताची थोडी रोपं लावते. ती करपतात. पुढच्या वर्षी ती पुन्हा लावते. विलास राबतो, माझ्या शब्दाबाहेर जात नाही आणि आता कधीच हसत नाही. देवीशी कोण भांडणार?

यंदा उन्हात आई दोनदा चक्कर येऊन पडली. उठून बसल्यावर मला म्हणाली, "दत्ता, नेऱ्याला जा. देवीला इचारून ये — आता सोडतीस का म्हनावं. माणगावला ऱ्हाईन, कुटंबी ऱ्हाईन. तिच्या शब्दाबाहेर नगं मला काय." आईने नारळ दिला, तेलाची बाटली दिली.

मी गेलो. गाव ओळखू येत नाही आता, देऊळ तेवढं आहे. काका ओसरीला बसला होता, पुष्कळ म्हातारा झालेला. उजव्या हाताची बोटं आत वळून वाळली आहेत. पत्रावळी लावणं तेव्हाच सुटलं, देवीची पूजा पुतण्या करतो. मला बघताच त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. लहान मूल नेतं तसे. एवढ्या वर्षांनी, पिशवीत आईचा नारळ घेऊन आलेल्या माणसासमोर.

मी सांगितलं, आईने कौल लावायला पाठवलंय.

त्याने मान हलवली. म्हणाला, "कंची पाडायची?"

मी पिशवी उघडली. नारळ आणि तेल पायरीवर ठेवलं आणि मागे फिरलो. कौल लावलाच नाही. परतीच्या एसटीत रात्रभर मी ठरवत होतो, आईला सगळं सांगायचं. उंबऱ्यापासून सांगायचं. सकाळी दारात पोचलो तर ती वाटच बघत उभी होती.

"काय म्हनली रं?"

सगळं खरं सांगितलं असतं तर विलासला कळलं असतं. मी म्हणालो, "डावी पडली, आई."

या खेपेला दगड उचलावा लागला नाही.

दक्षिणेला तोंड करून — नेरे इथून दक्षिणेला आहे — तिने हात जोडले, पदराने तोंड पुसलं आणि मोटरीजवळच्या रोपांना पाणी घालायला गेली.