चिन्नोर, ठोकळ आणि माझं इन्स्टॉलेशन

गेल्या मंगळवारी मी तुमसरला मामाच्या राइस मिलमध्ये बसून सर्व्हरवर सॉफ्टवेअर टाकलं... हो, मिलमध्येच. आंधळगावला घरी लाइट गेलेली आणि मामाच्या ऑफिसात नेट झकास चालतं.

आमच्या लॅबच्या सर्व्हरवर एकाच प्रोग्रॅमच्या जुन्या-नव्या आवृत्त्या एकत्र नांदवायच्या होत्या. एका कमांडने हवी ती आवृत्ती लोड करून देणारं एक टूल असतं, ते बसवायचं होतं. चार वाजता नव्या मुलांचं ट्रेनिंग त्यावरच, आणि लॅबच्या मॅडमनी पहिल्यांदाच काम माझ्या एकटीवर सोपवलेलं.

टूल बसलं. जुनी आवृत्ती लोड केली, चालली. मग नवी लोड केली... एरर! तीन वेळा टूल उडवून परत टाकलं, तरी तीच एरर.

अडीच वाजले. मामा डोकावून म्हणाला, "काहून व, तोंड पाडून बसली?" त्याला काय सांगणार, कप्पाळ!

वैतागून बाहेर आले. मशीनपाशी एक मावशी धानाची पोती घेऊन उभ्या होत्या आणि ऑपरेटरशी त्यांची चांगलीच जुंपली होती.

"पयले मशीन खाली कर भाऊ! मांगच्याचा जाडा ठोकळ तांदूळ अंदर बसून हाये. माह्या वासाच्या चिन्नोरात मिसळला त पाहुण्यायले का चारू?"

"अवो बाई, थोडासाच असन..."

"थोडासाबी नोको. पूरा निंगू दे, मंग माहा धान टाक."

मी तिथेच थबकले. मी तरी दुसरं काय केलं होतं? सकाळपासून कमांड द्यायची तीच खिडकी उघडी, टूल उडवलं तरी जुनी आवृत्ती तिच्यात बसूनच, आणि ती बाहेर न काढताच वरून नवी ओतलेली!

पळत आत आले. आधी लोड झालेलं सगळं उतरवायची कमांड दिली, मग नवी आवृत्ती लोड केली... चालली! अशी ओरडले की मामाला वाटलं, पोरीला करंट लागला. (ही कमांड टूलच्या माहितीत पहिल्याच पानावर होती. पण वाचतो कोण?)

चारला ऑनलाइन ट्रेनिंग सुरू झालं, एकालाही एरर आली नाही. मॅडम "छान केलंस" म्हणाल्या.

नंतर बाहेर जाऊन पाहिलं, तर मावशी आपला चिन्नोर घेऊन केव्हाच गेल्या होत्या. मावशी, ही पोस्ट काही तुमच्यापर्यंत पोचायची नाही... पण मुलांना दिलेल्या सूचनांमधली पहिली ओळ तुमची आहे: आधी जुनं पूर्ण निघू द्या, मगच नवं टाका.