पाणी कुणीकडं वाहतं?

स्वतःच्या घरात राहायला परवानगी लागते, हे मला ठाऊक होतं. पण ती हातात पडत असताना कशी घालवायची, हे मात्र मी स्वतः शोधून काढलं.

सोलापूरबाहेर, एका तलावाच्या वरच्या माळावर आम्ही तीन खोल्यांचं घर बांधलं. भोगवट्याचा दाखला मिळाला की राहायला जायचं. तो मिळणारच, अशी मला इतकी खात्री, की तपासणीच्या दिवशीच मी भाड्याचं घर सोडलं. (तिथे दुपारी नवे भाडेकरू येणार होते!) त्यामुळे तपासणीचे साहेब आले तेव्हा दारात सामानानं भरलेला टेम्पो, टेम्पोत कपाट धरून बसलेली आमची मुलगी पल्लवी आणि मदतीला केम गावाहून आलेले सासरे, असा सगळा संसार उघड्यावर होता.

साहेब भला माणूस. घर पाहून म्हणाले, "एकच शंका आहे. तलावाच्या पाणलोटाची हद्द तुमच्या प्लॉटला खेटून जाते. हद्दीत आलात तर सांडपाण्याचे नियम वेगळे. शोषखड्डा हलवा, पुन्हा तपासणी, तोवर राहायचं नाही. पण उतार रस्त्याकडं असेल तर तुम्ही हद्दीबाहेर. लगेच सही करतो." मग टेम्पोकडे एक नजर टाकून त्यांनी हळूच विचारलं, "रस्त्याकडंच असेल ना?"

"रस्त्याकडंच!" आमची सौ. सुनंदा म्हणाली.

"व्हय की सायेब," सासऱ्यांनी री ओढली, "समदं पाणी रस्त्याकडंच!"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी पडलो भूगोलाचा मास्तर! चुकीचं उत्तर ऐकलं की माझा हात आपोआप खिशातल्या खडूकडे जातो.

"साफ चूक!" मी म्हणालो. "पाणी तलावाकडे जातं. थांबा, दाखवतो."

"राहू द्या सर," साहेब म्हणाले.

"जावईबापू, गप ऱ्हावा की!" सासरे म्हणाले.

मी अंगणातल्या नळावर बादली भरून ओतली. माळाची जमीन उन्हानं भाजलेली. पाणी जागच्या जागी जिरलं. साहेबांचा चेहरा उजळला. "बघा, कुठंच जात नाही!" त्यांनी घाईघाईनं पेन काढलं.

"आधी जमीन भिजली पाहिजे!" असं म्हणून मी दुसरी बादली ओतली. सुनंदानं नळ बंद केला. मी तो उघडून तिसरी भरली. आणि काय सांगू! पाण्याची धार सरळ कुंपणाखालून तलावाच्या दिशेनं निघाली. मी तिच्याबरोबर धावत ओरडत होतो, "बघा! बघा! यालाच उतार म्हणतात!" वळून पाहिलं, तर कौतुक कुणाच्याच चेहऱ्यावर नव्हतं. साहेब पेनाला टोपण लावत होते.

"सर, आता मी डोळ्यांनी पाहिलं," ते खिन्नपणे म्हणाले.

टेम्पोवाल्यानं विचारलं, "आता कुटं?"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "चला केमला."

तीन महिने मी सासुरवाडीत राहून रोज रेल्वेनं सोलापूरला शाळेत आलो. स्टेशनवर रोज कुणीतरी आपुलकीनं विचारायचं, "मास्तर, घरजावई झालाव म्हनं?" रविवारी माळावर जाऊन शोषखड्ड्यासाठी कुदळ मारायची. सासरे सावलीत बसून सांगायचे, "आनखी खोल घ्या. तुमाला लई म्हाईत हाय न्हवं?"

शेवटी दाखल्याचा दिवस उगवला. कार्यालयातल्या कारकुनानं फॉर्म पुढे ओढला. "घरात राहणार कोण कोण?"

मी तोंड उघडणार, तोच सुनंदा म्हणाली, "मी आणि पल्लवी."

"आणि सर?"

"ह्यांचं अजून विचाराधीन आहे. तसंच लिहा."

आणि त्या कारकुनानं ते खरंच लिहायला घेतलं! मी फक्त हात जोडले. त्यानं 'विचाराधीन'मधली वेलांटी चुकवली होती, तरीही मी एक अक्षर बोललो नाही.