अडकलेल्या पेशी

एकोडीच्या ढिवर मोहल्ल्यातली रंजू नान्हे परदेशातल्या पुस्तकांच्या आकृत्या काढते, असं सांगितलं तर साकोलीच्या स्टँडवरचा माणूसही आधी तोंडाकडे बघत राहील. पण खरं आहे ते. मोठमोठे प्राध्यापक आपल्या जाडजूड पुस्तकांसाठी आकृत्या हाताने खरडून पाठवतात. त्या बघितल्या तर वाटतं, या माणसांना शाळेत चित्रकलेचा तास नव्हताच की काय! नागपूरची एक कंपनी ते खरडणं घेते आणि रंजूसारख्यांना वाटून देते. घरच्या कॉम्प्युटरवर त्यांनी ते स्वच्छ, छापण्याजोगं करून द्यायचं. पुस्तकावर नाव प्राध्यापकाचं; काढणाऱ्या हाताला कोण विचारतो?

सुरुवातीला तिच्या वाट्याला कोरियाच्या सरकारी कारभाराचं पुस्तक आलं. नुसते चौकोन. वर मंत्री, त्याखाली खाती, त्याखाली प्रांत, त्याखाली शहरं, आणि सगळ्यांना जोडणाऱ्या रेघा. तिचे वडील भैयालाल गावतलावात मासोळी धरतात. दुपारी जाळं सांधत ते तिच्या मागे येऊन बसायचे.

"काय वो रंजू, तिथंही साहेबावर साहेबच हाये काय?"

"तिथंही हाये, बाबा."

"मंग आपलाच देश बरा. शिव्या तरी समजतात."

रंजू हसायची, पण चौकोनांनी तिचा जीव विटला होता. ती बी.एस्सी. झालेली. विज्ञानाचं पुस्तक द्या म्हणून तिने कंपनीच्या अमर सरांच्या मागे इतका लकडा लावला, की शेवटी त्यांनी हात जोडून एक दिलं. काचेच्या पट्टीत केसासारख्या बारीक वाटा कोरायच्या, त्यातून रक्त वाहू द्यायचं आणि मोठ्या पेशी लहान पेशींपासून वेगळ्या करायच्या, असा त्याचा विषय. रंजूला आभाळ ठेंगणं झालं.

आणि चौथ्या प्रकरणात ती सपशेल तोंडावर पडली.

प्राध्यापकाच्या खरडण्यात एका वाटेत बारीक खांबांच्या ओळी होत्या, बाण पुसट होते. रंजू ढिवराची लेक. पाण्याच्या वाटेत आडवं काही दिसलं, की मोठं ते अडकतं आणि लहान ते निसटतं, हे तिला कोणी शिकवलेलंच नव्हतं. ते तिच्या हाताला ठाऊक होतं. तिने मोठ्या पेशींचा छान लालभडक ढीग खांबांना अडवून टाकला. प्राध्यापकाने त्यावर फुली मारून आकृती परत पाठवली. इथे काहीच अडकत नाही, म्हणे.

अमर सरांचा फोन आला. "रंजू, हे तुह्या हातचं काम नाही. कोरियाचा दुसरा भाग येऊन राहिला, तो घे."

"सर, हीच आकृती मले पुन्हा काढू द्या."

"एकदाच. पुन्हा चुकली, तर पुस्तक दुसऱ्याले देईन."

प्रकरण तिने पुनःपुन्हा वाचलं. शब्द कळत होते, पण डोळ्यांपुढे काही येत नव्हतं. मग उठली आणि तलावाचं पाणी ज्या पाटाने धानाच्या बांध्यांत जातं, त्या पाटात उतरली. चिखलात बांबूच्या कामट्या रोवल्या, प्रत्येक ओळ मागच्या ओळीपेक्षा जराशी सरकवून, पुस्तकात होतं तसं. वरून मूठभर पोचट धान सोडलं आणि त्यासोबत जाळ्याला बांधायचे थर्माकोलचे गोळे. पहिल्यांदा सगळंच गुंतलं. तिने कामट्या उपटल्या आणि लांब लांब रोवल्या. पुन्हा फसलं. पुन्हा रोवल्या.

"मोठी झाली तरी पाण्यात खेळूनच राहिली काय वो?" तलावाच्या पारीवरून, बांधावरून, भैयालाल ओरडले.

"बाबा, पाहा! गोळा अडकून नाही राहिला!"

धान कामट्यांमधून वळसे घेत सरळ खाली जात होतं. गोळा मात्र कामटीला टेकायचा, बाजूला व्हायचा, पुढच्या कामटीला टेकायचा, पुन्हा बाजूला. असा सरकत सरकत तो पाटाच्या दुसऱ्या काठाला लागला. मोठ्या पेशीही अशाच वेगळ्या होत होत्या, न अडकता. रंजू ओल्या पायांनीच घरी पळाली.

आकृती पास झाली. "आता उरलेलं पुस्तक तुहंच," अमर सर म्हणाले. घरात त्या दिवशी झिंग्यांची भाजी झाली.

दुसऱ्या दिवशी तिने आधीची प्रकरणं सहज चाळली आणि मधेच ती थांबली. दुसऱ्या प्रकरणाच्या एका कोपऱ्यात तसेच खांब होते, आणि त्यांना अडलेला तिचाच लाल ढीग. आकृती लहान होती. प्राध्यापकाच्या नजरेतून निसटली होती, पास होऊन बसली होती. बोललं नसतं, तर कोणालाही कळलं नसतं.

तिला रडू आलं. मग राग आला, स्वतःचाच. तिने फोन लावला.

"पास झाली ना? मंग काहून उकरून काढून राहिली?" अमर सर वैतागले. "वर सांगावं लागंल. दोनदा चूक म्हणतील. पुस्तक जाईल तुह्या हातचं, समजते का?"

"समजते, सर. पण कुठलं तरी पोरगं हे पाहून शिकंल. त्याले वाटंल, अडकतेच. तुम्ही सांगा वर."

उत्तराची वाट न पाहता तिने ती आकृती नव्याने काढली आणि पाठवून दिली. काम रेघ न् रेघ चोख होतं.

आकृती कंपनीच्या वरच्या साहेबांनी ठेवून घेतली. पुस्तक मात्र काढून घेतलं.

अमर सरांनी ते स्वतः फोन करून सांगितलं, एवढा मात्र भला माणूस. आवाज पडलेला होता. "कोरियाचा दुसरा भाग पाठवून राहिलो, रंजू. करशील ना?"

"करीन." रंजूने पदराने नाक पुसलं. "पण पुढचं विज्ञानाचं पुस्तक आलं, की मले फोन करा."

"अन् मी नाही केला तर?"

"तर मी करीन, सर. रोज करीन."