दोन्हीकडे धनच

पेपर तपासताना आपल्याला किळस येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. नाशिकच्या ज्या कॉलेजात मी शिकले, तिथेच आता गणित शिकवत होते. फेब्रुवारीतल्या पूर्वपरीक्षेत मी एक प्रश्न घातला होता: कोणत्याही घन समीकरणाला निदान एक वास्तव मूळ असतंच, हे सिद्ध करा. पहिला सहगुणक धन धरायचा. मग क्ष खूप मोठा धन घेतला की किंमत धन येते, खूप मोठा ऋण घेतला की ऋण. मधे आलेख कुठे तुटत नाही, म्हणजे तो शून्यावरून जाणारच.

पहिल्याच पेपरात होतं: क्ष मोठा धन, किंमत धन, क्ष मोठा ऋण, तरी किंमत धन, म्हणून चिन्ह बदलते, म्हणून मूळ आहे. दुसऱ्यातही तेच. गठ्ठा संपेपर्यंत तेच, स्वल्पविरामासकट. दोन्हीकडे धन लिहून चिन्ह बदलल्याचं सांगताना एकाचाही हात अडला नव्हता.

एका मुलीने मात्र आधी ऋण लिहिलं होतं आणि मग ते खोडून धन केलं होतं. ती दिंडोरीकडची. तिला बोलावून घेतलं.

"आधी बरोबर होतं. का खोडलंस?"

"मॅडम, नंतर आठवलं, गाइडात धन हे."

"तुला पटलं ते?"

"नाय पटलं. पण गाइड सरांचं हे ना."

सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. हीच सिद्धता मला त्यांनीच शिकवली होती, पंच्याहत्तरच्या आसपास. वर्गात मला उभं करून विचारलं होतं, "काल रात्री तू पंचवटीत घरी होतीस, आत्ता इथे आहेस. म्हणजे मधे गोदावरी ओलांडलीस. कुठल्या पुलावरून, ते मी विचारतच नाही. ओलांडलीस, एवढं नक्की ना?" त्या दिवशी मी गणितच घ्यायचं ठरवलं.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. दिवाणखान्यात गाइडांचे गठ्ठे छताला टेकले होते, खळीचा वास कोंदला होता. सर द्राक्षं खात होते. निफाडच्या कुणा विद्यार्थ्याच्या वडिलांनी पेटी पाठवली होती. बिया ते गाइडाच्याच एका फाटक्या पानावर थुंकत होते.

"सर, त्या सिद्धतेत चिन्ह चुकलंय."

"माहितीये. पहिल्या आवृत्तीपासून आहे."

"मग दुरुस्त का नाही केलं?"

"कशाला? पोरं बरोबर असलं तरी पाठ करतात, चुकलं असलं तरी पाठ करतात. शेवटची ओळ बरोबर आहे ना? देऊन टाक मार्क. द्राक्षं घे."

द्राक्षांना हात न लावता मी उठले.

त्या प्रश्नाला मी सगळ्यांना शून्य दिलं, फक्त त्या मुलीला अर्धे. आठवड्याच्या आत प्राचार्यांनी बोलावलं. सर शेजारीच बसले होते. प्रश्न अवघड होता असं ठरवून सगळ्यांना पूर्ण मार्क द्यायचा निर्णय झाला होता. सही तेवढी माझी हवी होती. मी केली नाही. सरांनी खिशातून पेन काढलं आणि माझ्याशी बोलता बोलताच स्वतःची ठोकली.

दुसऱ्या दिवशी मी ती सिद्धता फळ्यावर पुन्हा नीट मांडली. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, परीक्षेत असं लिहायचं की गाइडासारखं?" वर्ग हसला. दिंडोरीची मुलगीही हसली.

जूनमध्ये नवी आवृत्ती निघाली. सरांनी स्वतः प्रत आणून दिली. प्रस्तावनेत माझं नाव होतं, 'मौलिक सूचनांबद्दल' आभार मानले होते. मी उभ्याउभ्याच त्या सिद्धतेचं पान उघडलं. चिन्ह तसंच होतं.

"सर, माझं नाव काढा यातून."

"अगं, लोक धडपडतात नाव छापून यावं म्हणून," ते म्हणाले. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

मी प्रत त्यांच्या हातात परत दिली आणि तासाला गेले. पुढे ते निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात भाषण करायला मलाच सांगितलं होतं. मी रजा टाकली.