बगळ्याच्या डोक्याचा माणूस

माय गेली तेव्हा मी अकरावीत होते. तीन दिवस ताप होता आणि चौथ्या दिवशी सकाळी ती नव्हती. मला रडू आलं नाही. मी शाळेत जायची, भात रांधायची, वैनगंगेवर धुणं न्यायची, आणि हे सगळं दुसरीच कुणी करते आहे असं वाटायचं. बाबा बालाघाटच्या कोर्टात कारकून होते. त्यांनी रजा टाकली आणि बोलणंच सोडलं. भेटायला येणारे विचारायचे, गोंदियाच्या दवाखान्यात का नेलं नाही, पाण्यात भिजली होती का, आधी काही खाल्लं होतं का.

घर सांभाळायला रामपायलीहून माझी विधवा आत्या आली. तिला रिकामं बसवत नसे, म्हणून तिनं किराणा दुकानासाठी कागदाच्या थैल्या करायला घेतल्या. दिवसभर रद्दी कापायची, खळ लावायची, वाळत घालायची. एकदा त्या रद्दीत जवळच्या खाणीवरून बदली होऊन गेलेल्या कुण्या साहेबाच्या घरची इंग्रजी चित्रांची पुस्तकं आली. पंधरा-वीस असतील. सगळ्यांत नायक एकच. घट्ट हिरवे कपडे, खांद्यावरून मागे उडणारं फडकं, आणि आभाळात उडायचा. पण एका पुस्तकात त्याचं डोकं बगळ्याचं झालं होतं. दुसऱ्यात तो इतका फुगला होता की लोक त्याच्या सावलीत बाजार मांडून बसले होते. तिसऱ्यात हातांच्या जागी दोन झाडं. शेवटच्या पानावर मात्र दर वेळी तो पहिल्यासारखा, हसत उभा.

असं का झालं ते शोधायला मी दोन दिवस डिक्शनरी घेऊन बसले. सापडलं नाही, तेव्हा बगळ्याचं पुस्तक बाबांसमोर ठेवलं. कोर्टातल्या कामामुळे त्यांचं इंग्रजी चांगलं होतं. ते घेतील असं वाटलं नव्हतं. पण त्यांनी चष्मा लावला आणि एखादा दस्त वाचावा तसं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. आत्याचे हात थांबले होते.

"यात कारण देल्लं नाही," बाबा म्हणाले.

"मंग त्याले बगळा काहून केलं?" आत्यानं विचारलं.

"उगाच."

आत्याला ते पटेना. असं कुठं असते का, काही तरी पाप केलं असेल त्यानं, असं ती म्हणत राहिली. बाबांनी पुस्तक मिटलं.

"त्यानं काही नाही केलं, बाई. अन् हिच्या मायनंही काही नव्हतं केलं. मीबी काही कमी नाही केलं. ताप आला, अन् गेली."

त्यांचा आवाज चढला नव्हता. आत्यानं पदर डोळ्याला लावला. आता मलाही रडू येईल म्हणून मी वाट पाहिली. आलं नाही. मी बगळ्याच्या डोळ्याकडे बघत बसले. छापताना त्याचा पिवळा रंग रेषेच्या बाहेर गेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी आपणहून फुगलेल्या माणसाचं पुस्तक उचललं आणि आम्हाला मराठीतून वाचून दाखवलं. मग रोज एक. वाचून झालं की आत्या ते कापायला घ्यायची, त्याआधी नाही. झाडांच्या हातांना आंबे लागतात आणि पोरं खालून दगड मारतात, तिथं ती हसली, आणि लगेच माझ्याकडे बघून गप्प झाली. मी म्हटलं, हास ना. मला खरंच काही वाटलं नव्हतं.

पुस्तकं संपली त्या आठवड्यात बाबा कोर्टात जायला लागले. धान कापणीला आत्या गावी परतली. मी अकरावी पास झाले.

रडू मला पुढच्या वर्षी आलं, खैरलांजीला एका लग्नाला जाताना, भरल्या बसमध्ये. शेजारी एक अनोळखी बाई होती. तिनं काही विचारलं नाही. मांडीवरची पिशवी खाली पायाशी ठेवली आणि मला टेकायला खांदा दिला.