टिटवीची जागा

वखरून काळ्याभोर झालेल्या रानात मधोमध चटईएवढी जमीन तशीच सोडलेली, तिच्यावर वाळकं गवत, ढेकळं, आणि ढेकळांसारखीच दिसणारी चार ठिपकेदार अंडी... देवणीकडचं आमचं रान मला आजही असंच आठवतं. दादा, म्हणजे माझे वडील, तिथं आले की बैल बाजूनं वळवून घ्यायचे. तापल्या मातीचा, बैलांच्या घामाचा वास आणि डोक्यावर टिटवीचा कांगावा. दादा तिला म्हणायचे, "चाललो बाई, चाललो. तुझी जागा सोडली हाय."

आमच्याकडं म्हणत, टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस चांगला, सखल जागी घातली की ओढ देणार. मी आठ-नऊ वर्षांची असेन. त्या साली तिनं पार ओढ्यालगत अंडी घातली आणि घरातली मोठी माणसं घरातली उरलेली ज्वारी मोजायला लागली. मला वाटलं, एवढंच ना? दुपारी सगळे लिंबाखाली आडवे झाले, तशी मी ती कोमट अंडी परकराच्या ओच्यात घेतली नि टेकाडावर नेऊन ठेवली. पाऊस यावा म्हणून, बरं का.

टिटवी जुन्या जागीच ओरडत राहिली. तिसऱ्या दिवशी दादांनी मला टेकाडावर नेलं. अंड्यांना मुंग्या लागल्या होत्या. "पोरी, ती पाऊस आणत न्हाई गं," ते एवढंच म्हणाले. "तिला फकस्त आधी कळतंय."

पुढं टिटव्या विरळ होत गेल्या तेव्हा मला आपलं वाटायचं, हे माझंच पाप. पण मग लावे गेले, तित्तिर गेले, चंडोल गेले... त्यांची अंडी कुणी उचलली होती? ज्वारी जाऊन सोयाबीन आलं, बांध-धुरे नांगरून रानात घातले, तणनाशकानं गवत जळालं, गवताबरोबर किडे गेले. वाढली ती उसात दडणारी रानडुकरं तेवढी. एकट्या पोरीच्या ओच्यात मावेल एवढं ते पाप नव्हतंच.

यंदा वैशाखात, कितीतरी वर्षांनी, आमच्या रानात टिटवी ओरडली. माझा मुलगा बालाजी ट्रॅक्टर घेऊन आलेला.

"बालाजी, तिची जागा सोड."

"आई, रोटाव्हेटरला बैलावानी डोळे हायत का?"

"मग मी उभी राहते मधी. म्हातारी तर दिसंल?"

पुटपुटत का होईना, त्यानं जागा सोडली. पण दादांच्या वखरामागं ढेकळं राहायची, काडी-कचरा राहायचा. इथं भोवती सगळं पिठासारखं बारीक — त्यात ती एवढीशी जागा लांबूनच नजरेत भरते. माझ्या, तशी कावळ्यांच्याही.

काल तीन अंडी होती. आज सकाळी दोन. ती उंचावर आहेत की लवणात, हे मी घरात सांगितलेलं नाही. छत्री घेऊन लांब बसते, कावळा आला की हाकलते. आणि हात मात्र मांडीवर घट्ट धरून ठेवते.