दफेदारांची वादी

दफेदार आधी मारीत आणि कारण मग सांगत. कधी सांगतही नसत. घोड्याच्या लगामाची एक जुनी वादी त्यांनी मनगटाला गुंडाळलेली असे, दोन बोटं रुंद, तेल पिऊन काळी झालेली. ती सुटली की पाठीवर कुठं बसली हे कळायच्या आत परत मनगटावर गेलेली असे. आमच्या म्हैसुरातल्या मराठी मंडळींपैकी त्या काळी जे फुटबॉलच्या मैदानावर असत, त्यांतल्या कोणालाही आज सदरा काढायला सांगा. वादीची खूण नसलेला माणूस एकच निघेल, तो मी. मी खेळत नव्हतो. मी कडेला बसून वहीत सामने लिहीत होतो.

संस्थानच्या रिसाल्यात ते दफेदार होते. महायुद्धात समुद्रापलीकडे वाळवंटात जाऊन आले. डावा कान तिथं अर्धा राहिला, त्या बाजूनं त्यांना कमी ऐकू येई. तोंडावर आम्ही सगळे त्यांना मामा म्हणत असू. परत आल्यावर तबेल्यामागच्या मैदानावर त्यांनी आमच्या गल्ल्यांतली पोरं गोळा केली. निम्मी जुन्या शिलेदारांच्या घरांतली, निम्मी आमच्यासारख्या रंगाऱ्यांच्या. आमच्या घरी तेव्हा निळीचे हौद होते आणि माझ्या धाकट्या भावाचे, गुंडोजीचे, हात कोपरापर्यंत निळे असत. आमचा संघ मैदानात उतरला की समोरचे ओरडायचे, "रंगारी आले, धोतरं सांभाळा." दफेदार म्हणायचे, "हसू दे त्यांना. त्यांच्या बुटांना तुमचं रक्त लागेल तेव्हा बघतील, आपला रंग धुतला तरी जात नाही."

ही थट्टा नव्हती. आमचे खेळाडू अनवाणी खेळत आणि पलटणींचे, खाणींचे, मोठ्या शाळांचे संघ बूट घालून येत. त्या बुटांच्या तळाला चामड्याचे तुकडे खिळ्यांनी ठोकलेले असत आणि झिजून झिजून खिळ्यांची टोकं बाहेर येत. पंच शिट्टी फुंके ती चेंडू हाताला लागला तर. पायावर पाय पडला तर तो खेळाचा भाग समजला जाई. मी नडगीवरची कातडी सोललेली पाहिली आहे, अंगठ्याचं नख बोटासकट उलटलेलं पाहिलं आहे. एकाचे दोन दात चेंडूबरोबर गोलात गेले आणि लोकांनी दोन्हींसाठी टाळ्या वाजवल्या.

मध्यंतरात दफेदारांचा एक ठरलेला विधी असे. अकराही जण दोरीच्या आत ओळीनं पाय पसरून बसत. दफेदार गुडघ्यावर येऊन एकेकाच्या नडगीवर तळहात ठेवीत, डोळे मिटून, जसा तबेल्यात घोड्याच्या पायावर ठेवतात तसा. रक्ताकडं ते बघतही नसत. रक्त वाहणारा पाय त्यांच्या लेखी धड होता. ते शोधायचे तो आतला ताप. तळहात एखाद्या पायावर थबकला, की ते डोळे न उघडता म्हणत, "साकु." कानडीत साकु म्हणजे पुरे. तो खेळाडू बाहेर. त्याच्या जागी दुसरा घ्यायची तेव्हा मुभा नव्हती. अकराचे दहा होत, कधी नऊ होत आणि उरलेले नऊ जण बुटांखाली तुडवून निघत.

यामागची गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली, तीसुद्धा मारून झाल्यावर. केशव नावाच्या एका शिलेदाराच्या पोरानं मध्यंतराआधी नडगी गार पाण्यात बुडवून ठेवली होती, ताप लपावा म्हणून. दफेदारांना ते बोटाच्या टोकानं कळलं. त्यांनी त्याला सहा वाद्या मारल्या. सहावीला कातडी फुटली. मग त्याच वादीनं त्याचा पाय स्वतःच्या मांडीवर बांधून घेतला, हळद-चुन्याचा लेप घालत बसले आणि लेप घालता घालता बोलले. "वाळवंटात माझ्या घोडीचा पाय तापला होता. मी साहेबाला म्हटलं, हिला आज नको. तो म्हणाला, एकच मजल. मी तिच्यावर बसलो. मजल संपायच्या आत नळी मोडली, हाड बाहेर. गोळी मलाच घालावी लागली, कानामागं. पिस्तूल काढलं तर तिनं मान वळवून माझ्या खिशाकडं बघितलं. खिशात मी खजूर ठेवायचो." केशव रडत होता. दफेदार म्हणाले, "सुम्नीर. गप. तुला गोळी घालायला लागू नये म्हणून मारलं."

आता माझं सांगतो.

मी खानेसुमारीच्या कचेरीत कारकून होतो. घरोघरच्या माणसांच्या चिठ्ठ्या रकान्यांत मांडायच्या, बेरजा जुळवायच्या, हे काम. आमच्या संस्थानात तेव्हा सगळं मोजायचं वारं होतं, शाळा, विहिरी, रेशमाचे किडे, आंधळे, बहिरे. तक्त्यात बसलं ते खरं, अशी बाविसाव्या वर्षी माझी समजूत होती. दफेदार मला नावानं हाक मारीत नसत. "एनो, खानेसुमारी," म्हणत, म्हणजे काय रे. "आज किती मेले, किती जन्मले?" म्हणजे किती गोल खाल्ले, किती केले. पोरं हसत. मीही हसे, पण मला ते लागे.

दसऱ्याच्या सामन्यांत एकदा आम्ही एका बुटवाल्या संघाशी मध्यंतरापर्यंत बरोबरीत होतो. समोर मांडवात गुंडोजीचे होणारे सासरे बसले होते. त्या दिवशी गुंडोजी असा खेळला की बुटवाल्यांचे दोघे त्याच्यावर सोडलेले होते आणि तिघांचीही तोंडं फुटली होती. मध्यंतरात दफेदारांचा तळहात त्याच्या उजव्या नडगीवर थबकला. "साकु."

"नाही," गुंडोजी म्हणाला. "मी खेळणार."

वादी त्याच्या गालावर बसली. मांडवापर्यंत आवाज गेला. गुंडोजी उठला आणि दफेदारांची गचांडी धरली, तर दफेदारांनी त्याला पायात पाय घालून आडवा केला आणि छातीवर गुडघा देऊन बसले, शिट्टी होईपर्यंत. दहा जण खेळले. चार गोल खाल्ले. घरी गुंडोजी दोन दिवस जेवला नाही. "अण्णा," तो मला म्हणाला, "पायाला काही झालेलं नाही. बघ, नाचून दाखवतो." आणि नाचला.

मी त्या आठवड्यात तक्ता केला. दफेदारांच्या हाताखालचे सगळे सामने, जिंकले, हरले, आणि मुख्य म्हणजे गोल कुठल्या भागात खाल्ले ते. चित्र लख्ख होतं. मध्यंतरापर्यंत आमचा संघ कोणाला हार जात नव्हता. मध्यंतरानंतर पत्त्यांच्या बंगल्यासारखा कोसळत होता. खाली मी सुवाच्य अक्षरात निष्कर्ष लिहिला की या शिक्षकाच्या खेळाडूंत दम नाही, आणि दम तयार करण्याची विद्या त्यांच्यापाशी नाही. मग तो तक्ता आमच्या क्लबाच्या अध्यक्षांना नेऊन दिला. ते दरबारात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि पहिल्यांदाच मला बसायला सांगितलं.

दफेदारांना बोलावलं. तक्ता मी वाचून दाखवला. ते उभे होते, ऐकू येणारा कान माझ्याकडं करून. अध्यक्ष म्हणाले, "यावर काही सांगायचं आहे?"

"आकडे खरे आहेत," दफेदार म्हणाले. "हरलो ते हरलो." एवढं बोलून ते माझ्याकडं बघत राहिले. अध्यक्षांकडं नाही, माझ्याकडं. रागानं नाही. कोणीतरी आपल्याला राहिलेलं वाक्य सांगावं, तशी वाट बघत.

ते वाक्य माझ्यापाशी होतं. प्रत्येक सामन्याला मी दोरीपाशी बसलेला होतो. माझ्या वहीत प्रत्येक "साकु"ला मी समासात एक टिंब देत असे. शेवटी किती जण मैदानावर उरले, ते त्या टिंबांवरून कोणालाही मोजता आलं असतं. तक्ता करताना ती टिंबं मला दिसली होती. त्यांचा एक रकाना मी आखलाही होता. मग तो कागद फाडून दुसरा घेतला. त्या रकान्यासकट तक्ता वाचला तर दफेदारांच्या अकरा जणांना कोणी हरवू शकत नव्हतं, आणि त्यांच्या हाताखाली एकाही पोराचं हाड मोडलेलं नव्हतं.

मी तक्त्याची घडी करून अध्यक्षांच्या मेजावर ठेवली. दफेदारांनी सलाम केला आणि गेले. बेट्टदपुराला त्यांची बहीण होती, तिच्याकडं.

नवे शिक्षक बेंगळुराहून आणले. शिकलेला, स्वच्छ माणूस, शिव्या नाहीत, मार नाही. त्यांनी पोरांना पळवून पळवून दम वाढवला आणि आम्ही जिंकू लागलो. माझे तक्ते सुंदर दिसू लागले. पुढच्या दसऱ्याला तोच बुटवाला संघ समोर आला. मध्यंतरात गुंडोजी खाली बसताना मांडीला हातांचा आधार देऊन बसला. मी चार पावलांवर होतो. शिक्षकांनी विचारलं, "खेळशील ना?" तो म्हणाला, "खेळतो, सर." त्याच्या नडगीवर तळहात ठेवायला मला कोणी बंदी केली नव्हती.

ओला बांबू मोडताना होतो तसा आवाज झाला. दोघे बूट घालून एकाच वेळी आले होते, एक समोरून, एक बाजूनं. पाय नडगीच्या मध्यावर वळला आणि वळलेलाच राहिला. हाड कातडीतून बाहेर आलं होतं, निळ्या हातांच्या माझ्या भावानं ते दोन्ही हातांनी आत दाबायचा प्रयत्न केला, आणि ते जमेना तेव्हा कोपरांवर सरपटत चेंडूकडं निघाला. ओरडला नाही. ओरडलो मी. तो सामना आम्ही जिंकला. पाचव्या दिवशी पाय काळा पडला आणि डॉक्टरांनी गुडघ्याच्या वर कापला. लग्न मोडलं, ते सांगायला नकोच.

मी बेट्टदपुराला गेलो. दफेदार बहिणीच्या दारात एका बैलाला नाल ठोकत होते. बैल दोरांनी पाडलेला होता, एक माणूस त्याच्या मानेवर बसला होता, आणि बैल डोळे पांढरे करून हंबरत होता. मी तिथंच, त्या हंबरण्यात, सगळं सांगितलं. टिंबं सांगितली, फाडलेला कागद सांगितला. दफेदारांनी शेवटचा खिळा ठोकून वाकवला. मी सदरा काढला आणि पाठ केली. म्हटलं, "मारा."

वादी बसली नाही. वळून बघितलं तर ते दोर सोडत होते. "मी खेळणाऱ्याला मारतो," ते म्हणाले. "तू कधी खेळलास? घाल सदरा."

"मग मी काय करू, मामा?"

"ज्याचा पाय गेला त्याला सांग. मारायचं का नाही, ते तो बघेल."

मी हो म्हटलं. ते त्याच दिवशी माझ्याबरोबर म्हैसूरला आले. गुंडोजी जमिनीवर गादीवर होता. दफेदार त्याच्या पायथ्याशी गुडघ्यावर बसले आणि डोळे मिटून, सवयीनं उजवा तळहात पुढं केला. तो चादरीवर पडला. तिथं काही नव्हतं. मग त्यांनी तो उचलून डाव्या नडगीवर ठेवला.

"हा गार आहे," ते म्हणाले. "हा सांभाळ."

गुंडोजी तेव्हा रडला, पहिल्यांदा. मग म्हणाला, "मामा, तुम्ही असता तर साकु म्हणाला असता. तुम्हाला काढलं कुणी?"

दफेदारांनी माझ्याकडं बघितलं. तीच वाट बघणारी नजर. मी म्हटलं, "वरून हुकूम आला होता."

त्याला अठरा वर्षं झाली. गुंडोजी कापडावर छपाईचे लाकडी ठसे कोरतो, बसून करायचं काम. त्याच्या ठशांना बाहेरगावाहून मागणी येते. दफेदार वर्षातून दोनदा येत, त्याच्या पायावर हात ठेवीत, राग्याचं मुद्दे आणि सारू, म्हणजे नाचणीचा गोळा आणि आमटी, जेवत आणि माझ्याशी एक शब्द न बोलता जात. गुंडोजीला वाटे, मामांना डाव्या कानानं ऐकू येत नाही आणि अण्णा नेहमी डावीकडं बसतो, म्हणून बोलणं होत नाही.

ते या वर्षी वारले. तेराव्यानंतर त्यांचा भाचा आला आणि गुंडोजीच्या हातात ती वादी दिली. म्हणाला, "मामांनी सांगितलंय, ही गुंडोजीला. का ते त्यानं त्याच्या अण्णाला विचारावं, म्हणाले."

गुंडोजीनं वादी कुबडीशेजारच्या खुंटीला अडकवली. "अण्णा, मला का रे?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, सांगतो. तोंडानं सांगायला गेलो तर पुन्हा "वरून हुकूम" निघेल ही भीती होती, म्हणून हे लिहिलं. जुनी वही सापडली आहे. समासातली टिंबं फिकट झाली आहेत, पण मोजता येतात. रकाना भरून तक्ता पुन्हा केला आहे.

उद्या सकाळी तो ठसे घेऊन ओट्यावर बसला की खुंटीवरची वादी काढून आधी त्याच्या हातात देणार आहे. मग सदरा काढून, त्याच्या हाताच्या टप्प्यात बसून, हे पहिल्या ओळीपासून वाचणार आहे. साकु कधी म्हणायचं, ते गुंडोजी ठरवील.